धक्क्यावरचा चौथा माणूस

इशबेल गेमेलच्या घरात उतरणाऱ्या सैनिकाला उंबऱ्यातच बजावलं जाई: बूट दाराबाहेर, शिव्या गल्लीबाहेर, आणि जेवणाच्या टेबलावर हत्यार दिसलं तर तुझी पेज मांजरीला. समुद्रकाठच्या आर्डकेल गावातल्या निम्म्या घरांत लढाईच्या त्या काळात कमांडो राहत होते. त्यांना बराकी नव्हत्या. सरकार भत्ता हातावर ठेवी आणि ज्याने त्याने आपलं बिऱ्हाड गावात शोधावं, असा खाक्या. सकाळी ते शिट्ट्या वाजवत कवायतीला जात, संध्याकाळी खाऱ्या पाण्यात भिजून, चिखलाने बरबटून परत येत, आणि गावातल्या विधवा त्यांचे कपडे चुलीपुढे वाळत घालत.

इशबेलचा नवरा हेरिंग मासळीच्या बोटीवर होता. बोट गेली, नवरा गेला. मूलबाळ नव्हतंच. तिच्या माडीवरच्या खोलीत दोघं राहायचे, क्लेम सग्डेन आणि जोरी पास्को. क्लेम यॉर्कशायरचा, गिरणगावातला. जोरी कॉर्नवॉलचा, अनाथालयात वाढलेला. दोघं इतक्या एका मापाचे की एकाचा कोट दुसऱ्याने घालून जावं आणि कुणाला पत्ता लागू नये. लोक त्यांना भाऊ समजत. पण इशबेलला पाठमोरे दिसले तरी ते वेगळे ओळखू येत. क्लेमचा डावा कान जन्मापासून चुरगळलेला होता, वाळक्या पानासारखा. आणि जोरी डावखुरा. खंजिराचं म्यान पाटलोणीला मांडीपाशी शिवून घ्यायची त्या पोरांची पद्धत होती. ते शिवणं इशबेलकडेच यायचं. क्लेमचं उजव्या मांडीवर, जोरीचं डाव्या.

क्लेम तिला ‘मिसेस गेमेल’ म्हणायचा. जोरी पहिल्या महिन्यात ‘मिसेस गेमेल’ म्हणाला, दुसऱ्या महिन्यात ‘मिसेस जी’, आणि मग एका रविवारी पेजेचा वाडगा पुढे करून सहज म्हणून गेला, “मा, अजून आहे का गं?”

इशबेलने पाठ फिरवून पेज वाढली. त्या दिवसापासून दोघांच्या वाट्याची साखर तिने कधी सारखी केली नाही.

बेचाळीसच्या सप्टेंबरात ती पोरं एके दिवशी गेली. कुठे जायचं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आठवड्याने तीनपैकी दोन बोटींतले लोक परत आले. ज्यांचे भाडेकरू परतले, त्या बायका दुकानात इशबेलला पाहिलं की पाव न घेताच बाहेर पडत. तिसऱ्या बोटीत क्लेम होता. जोरीही होता.

नोव्हेंबर संपता संपता कॅप्टन लॉरिमरने निरोप पाठवला: एक फोटो आला आहे. क्लेमची आई त्याचं सामान न्यायला येणारच आहे, तर दोघींनी एकत्रच पाहावा.

एडा सग्डेन दुपारच्या गाडीने आली. उंच, हाडकुळी, काळी टोपी कपाळावर ओढून घेतलेली. तीस वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे साधं बोलली तरी ओरडल्यासारखं वाटे. तिने आधी माडीवर जाऊन मुलाचं सामान पाहिलं. खाली आली ती हातात लोकरी मोज्यांची जुडी घेऊनच.

“यातला एक कमी आहे.”

“टाचेपाशी फाटला होता. भांडी घासायला घेतला मी,” इशबेल म्हणाली.

“तो मी विणलेला होता.”

“फाटलाही होता.”

कॅप्टन खाकरला. वयाने लहानच होता, पण त्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या डोळ्यांखाली म्हाताऱ्याच्या पिशव्या आल्या होत्या. त्याने पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. एका जर्मन साप्ताहिकात छापून आलेला, स्वित्झर्लंडमधून मिळवलेला. धक्क्यावर चार कैदी उभे होते, हात डोक्यावर. मागे शिरस्त्राणातला जर्मन हसत होता.

“पहिल्या तिघांची ओळख पटलीय,” कॅप्टन म्हणाला. “प्रश्न चौथ्याचा आहे. उंची आणि बांधा पाहता तो क्लेम असेल, नाहीतर जोरी. त्यांना जवळून ओळखणारे सगळे त्याच बोटीत होते, म्हणून तुम्हाला विचारतोय.”

“आणि दुसरा?” एडाने विचारलं.

“बोटीतल्या बाकीच्यांना तिथल्या गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पुरलं, असं कळतं. दुसऱ्याची आशा धरू नका, बाई.”

चुलीवर किटली वाजत होती. ती उतरवायला कुणी उठलं नाही. चौथ्या माणसाच्या डोक्याला पट्टी बांधलेली होती, एक कान झाकून, गालापर्यंत. चेहरा अर्धा वळलेला, छपाई भुरकट.

“हा माझा क्लेम,” एडा म्हणाली. “त्याची उभं राहायची ढब बघा. एक खांदा पाडून उभा राहतो, त्याच्या बापासारखा.”

इशबेलचे डोळे आधी चेहऱ्यावर गेले नाहीत. मांडीवर गेले. खंजीर काढून घेतला होता, पण रिकामं म्यान तिथेच होतं. डाव्या मांडीवर. तिने टेबलाची कड धरली.

“हा जोरी आहे,” ती म्हणाली.

“कोण जोरी?”

“जोरी पास्को. याच खोलीत राहायचा. डावखुरा. म्यान डावीकडे आहे, बघा. माझ्या हाताने शिवलंय मी ते.”

एडाने तिच्याकडे वर-खाली पाहिलं. “तुम्ही त्याच्या कोण?”

“तो इथे राहायचा.”

“ते झालंच. भाड्याने राहायचा. मी विचारते, नात्याने कोण?”

इशबेल टेबलावरचा फोटो सरळ करत राहिली.

“तेच म्हटलं,” एडा कॅप्टनकडे वळून म्हणाली. “सरकार हल्ली खोलीच्या भाड्यातच माया पण देतं वाटतं. साहेब, नऊ महिने पोटात वाढवलेलं पोर आई ओळखेल, की चादरी बदलणारी बाई?”

रागावली की इशबेल हळू बोले. त्या दिवशी तर अगदीच हळू बोलली.

“तुमच्या क्लेमचा डावा कान कसा होता, मिसेस सग्डेन?”

एडा थबकली. “मुडपलेला. जन्मतःच. का?”

“फोटोत पट्टी उजव्या कानावर आहे. डावा उघडा आहे. बघा ना. आई आहात तुम्ही. तुम्हीच ओळखा.”

एडाने फोटो उचलला, खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. कॅप्टनने खिशातलं भिंग पुढे केलं. त्या भिंगाखाली चौथ्या माणसाचा डावा कान चांगला धड, गोल, कुणाच्याही कानासारखा दिसत होता. भिंग फोटोवर टकटक वाजायला लागलं.

“छपाईत... छपाईत काही होत असेल,” ती म्हणाली. आवाज आता ओरडल्यासारखा नव्हता.

“छपाईने कान सरळ होत नाहीत,” इशबेल म्हणाली.

तिला तिथे थांबता आलं असतं. समोरची बाई खिडकीची चौकट धरून उभी होती आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. पण मघाचे ते शब्द इशबेलच्या कानांत अजून होते.

“चादरी बदलणाऱ्या बाईला एवढं तरी कळतंच,” ती म्हणाली. “मोजे घेऊन जा. तेवढंच राहिलंय तुमचं.”

कॅप्टनने कागदावर पास्कोचं नाव लिहिलं. जाताना म्हणाला, फोटोची दुसरी प्रत आहे माझ्याकडे, ही ठेवा हवी तर. इशबेलने तो चुलीवरच्या फळीवर घड्याळाला टेकवून ठेवला. रात्री निजायला जाताना फोटोतल्या जोरीला म्हणाली, “पाय कोरडे ठेव रे.”

पाच-सहा दिवसांत माडीवरच्या खोलीत दोन नवी पोरं आली. त्यातल्या एकाची पाटलोण ती खालच्या खोलीत इस्त्री करत होती. उजवा पाय झाला. डावा पाय फळीवर ताणला, मांडीवरच्या नकाशा ठेवायच्या मोठ्या खिशावर ओला फडका पसरला, आणि इस्त्री टेकवताना तिची नजर सवयीने घड्याळाकडे गेली.

फोटोत तो मोठा खिसा उजव्या मांडीवर होता.

तिने चौघांकडे पाहिलं. चौघांचाही. सरकारी पाटलोणीला तो खिसा डाव्याच मांडीवर असतो. अशा शेकडो पाटलोणी तिच्या हातांखालून गेल्या होत्या. चौघांना काही एकाच वेळी चुकीच्या पाटलोणी मिळाल्या नसत्या. फोटो उलटा छापलेला होता. आरशात दिसावा तसा.

म्हणजे डावं ते उजवं. म्यान उजव्या मांडीवर. उघडा कान उजवा, आणि पट्टीखाली झाकलेला डावा.

फडका करपल्याचा वास आला तेव्हा तिने इस्त्री उचलली.

धक्क्यावर क्लेम उभा होता. आणि जोरी वाळूत होता.

नेमका त्याच वेळी कॅप्टन लॉरिमर रस्त्याच्या पलीकडून चालला होता. डोकं खाली, हात खिशात. इशबेलने खिडकीचं तावदान वर सरकवलं. “कॅप्टन!” तिने हाक मारली. तो थांबला, मान वर केली, रस्ता ओलांडून खिडकीपाशी आला.

“काय मिसेस गेमेल?”

एवढंच म्हणायचं होतं: साहेब, फोटो उलटा आहे. यॉर्कशायरमध्ये एक बाई ऊर फुटेस्तोवर रडली असती, आनंदाने. आणि इथे इशबेलने स्वतःच्या हाताने जोरीवर माती लोटली असती. त्या बाईसाठी. मोजे मोजणाऱ्या बाईसाठी.

“कैद्यांना पार्सल पाठवता येतं म्हणे,” ती म्हणाली. “जोरीला पाठवायचं होतं. कुठे द्यायचं?”

कॅप्टनने पत्ता सांगितला. वर म्हणाला, “त्याला कुणी नाही असं वाटायचं मला. बरं झालं तुम्ही आहात.”

तिने खिडकी लावून घेतली. उद्या सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅप्टन गावात नव्हता. नंतर नंतर तिने उद्या म्हणणंही सोडून दिलं. माणसाला जे खरं नको असतं ते तो नाकारत बसत नाही. त्याकडे बघायचंच सोडतो. तिने फोटो घड्याळापासून काढून कपाटात चादरींखाली ठेवला आणि पार्सलं बांधत राहिली. जोरीसाठी लोकरी मफलर, आपल्या वाटणीचा चहा, डब्यातलं मांस, साबण. तो हिवाळा तिने त्या पार्सलांवर काढला. कधीकधी बांधता बांधता ती खरोखर विसरून जाई, आणि तेव्हा तिच्या ओठांवर गाणं येई.

उत्तर कधी आलं नाही. पास्को नावाचा कैदी आमच्याकडे नाही, असं जर्मनांनी कळवल्याचं कॅप्टनने एकदा येऊन सांगितलं. “खोटं बोलत असतील,” तो म्हणाला. “असतील,” इशबेल म्हणाली.

लढाई संपली. सेहेचाळीसच्या वसंतात गावाने सभागृहात पितळी पाटी लावायचं ठरवलं, इथे राहून गेलेल्या आणि न परतलेल्या पोरांची. ठिकठिकाणचे नातेवाईक बोलावले. कॅप्टन लॉरिमर काठी टेकत आला. पाय त्याने इटलीत घालवला होता. आता तो मेजर होता, पण गाव त्याला कॅप्टनच म्हणे. नातेवाइकांसाठी त्याने टेबलावर पथकाचे फोटो मांडून ठेवले होते, आणि माणसं त्यांवर वाकून आपापलं माणूस शोधत होती. हा दोर खांद्यावर टाकलेला आमचा बिली. नाही हो, तो आमचा; बंदुकीचा पट्टा बघा ना. एक म्हातारा एका रबरी बोटीवर बोट ठेवून प्रत्येकाला सांगत होता की यातलं तिसरं डोकं माझ्या नातवाचं आहे, आणि ते डोकं वाटाण्याएवढं होतं.

धक्क्यावरचा फोटो मात्र टेबलावर नव्हता. त्याबद्दल कॅप्टनने तिसऱ्या बोटीतल्यांच्या नातेवाइकांना कोपऱ्यात नेऊन वेगळं सांगितलं. तो फार सरळ बोलला. घुमवून सांगायची ताकद त्याच्यात उरली नसावी. फोटोतल्या चौघांना जर्मनांनी हिवाळाभर एका किल्ल्यात ठेवलं. त्रेचाळीसच्या मार्चमध्ये वरून हुकूम आला. हात मागे तारेने बांधून त्यांना जंगलात नेलं आणि एकेकाला गोळी घातली. एकेकाला, दुसऱ्यांच्या देखत. शेवटी कुणाची पाळी आली ते माहीत नाही. प्रेतं सापडली तेव्हा अंगावर ओळखीचं काही नव्हतं. सगळं काढून घेतलेलं. हाडांवर तार तेवढी होती.

एक बाई खाली बसली. कुणीतरी तिला पाणी दिलं.

“किनाऱ्यावरचे?” एडा सग्डेनने विचारलं. ती आली होती हे इशबेलला तेव्हाच कळलं. केस पांढरेशुभ्र झाले होते. आवाज तसाच.

“ते बोटीतच गेले, मिसेस सग्डेन. मशीनगन होती. त्यांना कळलंही नसेल.”

एडाने डोळे मिटून मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग इशबेल जिथे भिंतीला टेकून उभी होती तिथे आली. हातात चहाचा कप होता.

“मिसेस गेमेल,” ती म्हणाली. बोलणं सगळ्या कोपऱ्याला ऐकू जात होतं. “तुमचा फार राग केला मी. तीन वर्षं. पण देव बघतो हो. माझा क्लेम क्षणात गेला. तुमच्या त्या पोराचं मात्र... तारेने बांधून म्हणे. आणि आपला नंबर येईपर्यंत बाकीच्यांना बघत. तुम्हाला झोप कशी लागेल, मला तर कल्पनाच करवत नाही.”

तिला खरोखर सांत्वन करायचं होतं की सूड उगवायचा होता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती कपातून एक घोट प्यायली. तोंडावर दुःख होतं आणि दुःखाच्या आत एक सुटका होती. ती सुटका इशबेलला दिसली. आपल्या जोरीला त्या जंगलात उभं करून ही बाई चहा पिते आहे.

“तो जोरी नव्हता,” इशबेल म्हणाली.

“काय?”

“फोटोतला. तो तुमचा क्लेम होता.”

इशबेल कॅप्टनकडे वळली. आवाज पुन्हा तसाच हळू झाला होता. “फोटो उलटा छापलाय, साहेब. त्यात नकाशाचा खिसा उजव्या मांडीवर दिसतो, चौघांचाही. म्यानही म्हणून डावीकडे आलं. आणि उघडा दिसतो तो कान खरा उजवा आहे. मुडपलेला पट्टीखाली गेला.”

कॅप्टनने खिशातून पाकीट काढलं. फोटो बाहेर काढताना त्याची काठी खाली पडली, ती कुणी उचलली नाही. दाराशी मानवंदनेसाठी उभ्या केलेल्या शिपायाकडे त्याने पाहिलं, त्याच्या डाव्या मांडीकडे. मग फोटोकडे. मग पुन्हा शिपायाकडे. तो शिपाई बिचारा, आपलं काही चुकलं की काय म्हणून ताठ झाला.

“देवा,” कॅप्टन म्हणाला. “मी हा फोटो शंभर वेळा पाहिलाय.”

एडाच्या हातातला कप तिरपा झाला आणि चहा तिच्या पायांवर सांडत राहिला. तिला ते कळलं नाही. ती इशबेलच्या तोंडाकडे पाहत होती, मागांच्या आवाजात ओठ वाचायची सवय लागलेल्या बायका पाहतात तशी.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

आत्ता, असं म्हणता आलं असतं. कॅप्टन बोलत असताना सुचलं, असं म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण मघापासून तिच्या अंगात जे पेटलं होतं ते अजून विझलं नव्हतं.

“तुम्ही गेलात, त्यानंतर आठवड्याभरात,” इशबेल म्हणाली.

“आठवड्याभरात.”

“हो.”

“म्हणजे तो जिवंत होता.” एडा शब्द एकेक करून ठेवत होती. “हिवाळाभर जिवंत होता. आणि मी त्याचं नाव प्रार्थनेत मेलेल्यांत घातलं. चॅपलमध्ये कैद्यांची नावं वेगळी घ्यायचे, त्यांच्यासाठी अन्न मागायचे, ऊब मागायचे. मी गप्प बसायचे. त्याचे कोट मी नाताळात शेजारच्या पोरांना वाटून टाकले. त्याची सोयरीक जुळली होती ती पोरगी मला विचारायला आली, मी तिला म्हटलं, बाई, तू तुझं बघ. आणि तो तिथे थंडीत...” ती थांबली. “पार्सल तरी पाठवलं असतं मी.”

“मी पाठवत होते,” इशबेल म्हणाली.

“कुणाला?”



कॅप्टन मध्ये पडला. त्याला दोघींना वेगळं करायचं असावं. “मिसेस सग्डेन, बाकी तिघांची आम्ही नावाने चौकशी करत होतो. त्यांनाही मारलंच. नाव कळवलं असतं तरी बहुधा काही फरक पडला नसता.”

“बहुधा,” एडा म्हणाली.

मग तो इशबेलकडे वळला. एरवी सभ्य माणूस. “मी तुमच्या खिडकीपाशी उभा होतो,” तो म्हणाला. “तुम्ही मला हाक मारली होतीत. ते हेच होतं ना?”

“होय.”

“आणि तुम्ही पार्सलचा पत्ता विचारलात.” त्याने फोटो पाकिटात ठेवला. “उद्या कबरींवरची नावं बदलायला सांगतो. जोरी पास्को किनाऱ्यावरच्या गावात आहे. गावाचं नाव सांगायचं माझ्यावर नियमाने काही बंधन नाही, तुम्ही त्याच्या कुणी लागत नाही. लागत असतात तर मीच घेऊन गेलो असतो तुम्हाला. जा आता घरी.”

मागच्या रांगेतल्या बायका, ज्यांच्याबरोबर तिने लढाईभर पावाच्या रांगा लावल्या होत्या, तिला वाट देण्यासाठी बाजूला झाल्या. जरुरीपेक्षा जास्तच बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओटची पेज ढवळत असताना दार वाजलं. एडा सग्डेन उभी होती, टोपी घालून, पिशवी घेऊन.

“माझी गाडी दुपारी आहे,” ती म्हणाली. “तो झोपायचा ती खोली बघायची आहे. मागच्या वेळी मी फक्त मोजे बघितले.”

इशबेलने तिला माडीवर नेलं. खोलीत आता शिवणयंत्रं विकणारा एक फिरता माणूस राहत होता. त्याच्या पेट्या भिंतीशी रचलेल्या होत्या. “ती खिडकीजवळची खाट,” इशबेल म्हणाली. एडा खाटेवर बसली. हातांनी गादी दाबून पाहिली. खाली पेज लागल्याचा वास यायला लागला, तरी इशबेल दारातून हलली नाही.

“माझ्याबद्दल काही बोलायचा का?” एडाने विचारलं. मान वर न करता.

इशबेलला रात्रभर झोप लागली नव्हती. तिच्यात आता राग उरला नव्हता, काहीच उरलं नव्हतं. तिने आठवून पाहिलं, आणि खरंच आठवलं.

“बोलायचा,” ती म्हणाली. “तुमच्या बोलण्याची नक्कल करायचा. पण चेष्टा नव्हे ती. घरात शिरताना ओरडायचा, ‘क्लेम! पाय पूस!’ असं, तुमच्यासारखं. आणि स्वतःच पाय पुसायचा. रोज. जोरी हसायचा त्याला. एकदा मी विचारलं, काय रे हे? तर म्हणाला, कुणीतरी दरडावल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नाही.”

एडाचा चेहरा क्षणभर सैल पडला. ओठ हलले. मुलाचा आवाज कुठूनतरी ऐकू येतोय का, असं ती कान देऊन पाहत होती. मग ती इशबेलकडे पाहायला लागली आणि चेहरा हळूहळू पुन्हा आवळत गेला.

“छान बोलता तुम्ही,” ती म्हणाली.

“खरं आहे ते, मिसेस सग्डेन.”

“असेलही. त्या दिवशी कानाचं बोललात तेव्हाही खरंच वाटलं होतं.” ती उठली, टोपी सारखी केली. “तुमच्या तोंडचं काहीच आता मला धरून ठेवता येत नाही, बाई. आणि तो इथे कसा होता हे सांगणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही.”

ती जिना उतरली. भिंतीला हात लावत, एकेक पायरी. दारात इशबेलने विचारलं, “चहा तरी?”

एडा सग्डेनने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. ती स्टेशनच्या उतारावर लागली. समोरच्या घरातली बाई दाराची पितळी कडी घासत होती. तिने एडाला मान लववून नमस्कार केला, इशबेलकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.